कै. बाबूराव मेस्त्री ऊर्फ कलामहर्षी बाबूराव पेंटर

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात पहिल्यापासून चालत आलेला आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आमच्या मनात एकच नाव आले. चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपटकार म्हणून ते नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. परंतु ज्या गुणामुळे ते आपल्या मंडळींस सर्वांत जवळचे वाटावे, तो गुण मात्र बहुतेक लेखक दोन ओळींत आटोपून पुढे जातात. या गृहस्थांनी इ. स. १९१८ मध्ये कोल्हापुरात, कोणत्याही विलायती कारखान्याच्या मदतीवाचून, आपल्या हातांनी व जवळ होती त्या हत्यारांनी चलच्चित्रे टिपणारा कॅमेरा तयार केला. त्या दोन ओळींचाच विस्तार आम्हांस येथे करावयाचा आहे.

मेस्त्री हे आडनाव आपल्या मालवणी मुलखात कोणास नवे नाही. मसुऱ्यापासून मालवणापर्यंत कोणत्याही वाटेने जावे आणि मेस्त्री म्हणून हाक मारावी, कोणाच्या ना कोणाच्या अंगणातून ओ आल्यावाचून राहात नाही. खरे पाहता ते आडनाव म्हणून जन्मले नाही. तो हुद्दा होता. फिरंग्यांच्या भाषेत उस्तादास मेस्त्रे म्हणत, त्यावरून तो शब्द आपल्या किनाऱ्यावर रुळला व पुढे घाट चढून वर गेला. बाबूरावांचे घराणे कोल्हापूरचे. त्यांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम व मूर्तिकाम या तिहींत वाकबगार होते. ते आपल्या शाखेचे की दुसऱ्या, हा खल करण्याचे हे स्थळ नव्हे. ज्याच्या घरात रंधा, कानस आणि ऐरण यांचा नाद पिढ्यानपिढ्या घुमला तो आपलाच, एवढे मानून आम्ही पुढे जातो.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वी थोडे विषयांतर करावेसे वाटते. वाचकांनी क्षमा करावी. आमच्या लहानपणी मसुऱ्यास वैशाख सरत आला की घरोघर पन्हळींची आठवण होई. त्यापूर्वीच्या पिढीत पोफळीचे खोड चिरून, आतला गाभा काढून पन्हळ करीत. पुढे पत्र्याच्या पन्हळी आल्या. पत्रा वाकविण्याचे यंत्र असते, हे आम्ही त्या काळी ऐकलेही नव्हते. आमच्या तीर्थरूपांपाशी भंगारात मिळालेल्या दोन लोखंडी कोनपट्ट्या होत्या. दोहोंच्या टोकांस भोके पाडून त्यांनी दोन बोल्ट बसविले होते. पत्रा या दोन पट्ट्यांच्या मध्ये धरावयाचा, आखलेली रेघ पट्टीच्या धारेशी नेमकी जुळवावयाची, बोल्ट आवळावयाचे, आणि मग एक सरळ फळी पत्र्याच्या सबंध लांबीवर टेकवून दोन्ही हातांनी सावकाश दाबावयाचे. पत्रा निम्मा वळला की फणसाच्या लाकडाची मोगरी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोके देत जावयाचे. एकाच ठिकाणी जोराने ठोकले तर तेवढाच पत्रा ताणला जातो, आणि मग तेथे जे पोट सुटते ते कितीही खटपट केली तरी बसत नाही. गोल वळवावयाचे असेल तर पट्ट्यांचा उपयोग नाही. त्यासाठी एक जुनी लोखंडी नळी होती, तिच्यावर पत्रा थोडा थोडा दाबीत नेत.

ही सगळी सामग्री आजच्या हिशेबाने फुकटच म्हणावयाची. परंतु तिच्यामागे जे ज्ञान होते ते मात्र फुकटचे नव्हते. पत्रा वाकविल्यावर तो किंचित मागे येतो, म्हणून काटकोन हवा असेल तर काटकोनापेक्षा थोडा अधिकच वळवावा लागतो. जेथे तीक्ष्ण वळण यावयाचे तेथे टोच्याने खोल रेघ ओढू नये, कारण पत्रा नेमका त्या रेघेवर चिरतो. तेथे शिसपेन्सिलच बरी. पितळेचा पत्रा ठोकता ठोकता ताठर होतो, त्यास मधून मधून विस्तवावर लालसर करून पुन्हा मऊ करावे लागते. पेटी करावयाची तर कोणती बाजू आधी वळवावयाची याचा क्रम अगोदर मनाशी ठरवावा लागतो. दोन बाजू उभ्या राहिल्यावर लांब पट्ट्या आत मावत नाहीत, आणि मग उरलेल्या बाजूंसाठी पेटीच्या मापाचा लाकडी ठोकळा आत घालून त्यावर वळवावे लागते. आणि झाकण करताना पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंनी धरावी लागते. ही शेवटची गोष्ट प्रत्येक शिकाऊ मुलगा एकदा तरी विसरतो, आणि त्याचे झाकण बसत नाही.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, बाबूरावांच्या कॅमेऱ्याची थोरवी ज्याने कधी पत्र्याची पेटी केली आहे त्यासच पुरतेपणी कळेल.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. शाळेचे शिक्षण त्यांस फारसे लाभले नाही. त्यांची खरी शाळा म्हणजे वडिलांची कामाची जागा. लाकूड, लोखंड, माती, रंग यांत मूल वाढले की त्याच्या हातास जो सराव होतो तो पुढे कोणत्याही विद्यालयात मिळत नाही. त्या काळचे कोल्हापूरही असे होते की कारागिरास तेथे श्वास घेण्यास जागा होती. छत्रपती शाहू महाराजांचा गुणिजनांस आश्रय होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा निसर्गचित्रकार त्या नगरीत वावरत होता. नाटक मंडळ्यांचा राबता होता. तालमी होत्या, गवयी होते. बाबूराव चित्रकला कोणा गुरूच्या वर्गात बसून शिकले नाहीत. पाहून आणि करून शिकले.

त्यांच्या आयुष्यात त्यांच्या नात्यातील बंधू आनंदराव मेस्त्री यांचे स्थान फार मोठे आहे, आणि आमच्या मते त्यांची व्हावी तितकी आठवण होत नाही. दोघे भाऊ मिळून नाटकांचे पडदे रंगवीत. इ. स. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्या यांच्याकडून त्यांस पडद्यांची कामे येत, आणि त्यांची कीर्ती इतकी पसरली की मेस्त्री हे नाव मागे पडून लोक दोघांसही पेंटर म्हणू लागले. अशा रीतीने आपले एक नाव इतिहासाच्या वहीत दुसऱ्याच मथळ्याखाली नोंदले गेले. त्यात कोणाचा दोष नाही. पण बाबूराव पेंटर हे बाबूराव मेस्त्री होते, हे आपल्या मुलांस सांगणे आपल्याकडेच राहते. आम्ही स्वतः शाळेत असताना ते आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

इ. स. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट मुंबईत झळकला आणि या दोघा भावांस हलत्या चित्रांचे वेड लागले. पडद्यावर उभा केलेला वाडा रंगविणाऱ्या माणसास हलणारा वाडा दिसल्यावर त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रे दाखविण्याचे एक वापरलेले यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, विकत घेतले आणि कोल्हापुरात चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. त्यायोगे पोट चालले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्र रोज हाताखाली आले.

येथे एक यांत्रिक गोष्ट समजावून सांगणे जरूर आहे. चित्रपटाची फीत सतत धावते असे पाहणाऱ्यास वाटते, पण भिंगासमोर ती धावत नाही. ती एका चित्रापुरती पुढे सरकते, क्षणभर निश्चल थांबते, पुन्हा सरकते, पुन्हा थांबते. मूकपटांच्या काळी सेकंदास सोळाच्या आसपास असे थांबे होत. फीत थांबलेली असताना प्रकाशाची वाट उघडी आणि सरकत असताना ती बंद, हा मेळ एका फिरत्या पत्र्याच्या चकतीने साधतात. फितीच्या दोन्ही कडांस भोके असतात, एका चित्रास प्रत्येक कडेला चार याप्रमाणे, आणि त्या भोकांत दात अडकवून फीत ओढली जाते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा या दोहोंतही तत्त्व हेच. एकात प्रकाश आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. ज्याने एक यंत्र उघडून, धुऊन, पुसून, पुन्हा जुळवून चालविले आहे, त्यास दुसऱ्याची अर्धी वाट ठाऊक झालेली असते. आनंदराव व बाबूराव यांनी ही अर्धी वाट ओळखली.

कॅमेरा विकत का घेतला नाही, असा प्रश्न कोणी विचारील. फाळके यांनी इ. स. १९१२ मध्ये विलायतेस जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता, आणि त्यासाठी त्यांस काय काय गहाण टाकावे लागले हे सर्वश्रुत आहे. पडदे रंगविणाऱ्या दोघा भावांस तो मार्ग मोकळा नव्हता. शिवाय इ. स. १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले आणि विलायती माल दुर्मीळ व महाग झाला. परंतु आम्हांस वाटते, केवळ पैशाच्या अडचणीने हे कार्य झाले नाही. कारागिराच्या घरातील मुलास यंत्र दिसले की ते विकत कोठे मिळते हा प्रश्न त्याच्या मनात दुसरा येतो. पहिला प्रश्न येतो तो हे कसे केले असेल, हा.

आनंदरावांनी कॅमेरा जुळविण्यास प्रारंभ केला. दिवसा पडद्यांचे काम, रात्री प्रोजेक्टर, आणि उरलेल्या वेळात हे. परंतु इ. स. १९१६ मध्ये, काम अपुरे असतानाच, आनंदरावांचा अंत झाला. ज्या भावाबरोबर रंग कालवला, ज्याच्या खांद्याशी खांदा लावून पंचवीस-तीस हात रुंदीचे पडदे उभे केले, तो गेला आणि मेजावर अर्धवट यंत्र तेवढे राहिले. दुसरा कोणी असता तर त्याने ते फडक्यात बांधून माळ्यावर ठेविले असते, आणि त्यास कोणी नावही ठेविले नसते. बाबूरावांनी ते बांधून ठेविले नाही.

या कामी त्यांस विष्णुपंत दामले यांची जोड मिळाली. दामले हे बाबूरावांचे शिष्य, आणि यंत्राच्या बाबतीत त्यांचे डोके विलक्षण चालत असे. दोघांनी मिळून इ. स. १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला आणि तो चालला.

तो चालला, हे दोन शब्द लिहिणे सोपे आहे. आता वर सांगितलेल्या पत्र्याच्या पेटीकडे पुन्हा वळू या. पन्हळीचा सांधा थोडा उघडा राहिला तर फार तर पाण्याचे चार थेंब गळतील. कॅमेऱ्याच्या पेटीचा सांधा केसभर उघडा राहिला तर सबंध फीत काळवंडून जाते, आणि ते कळते ती फीत धुऊन झाल्यावर, म्हणजे पैसा आणि दिवस दोन्ही खर्ची पडल्यावर. म्हणून अशा पेटीचे झाकण नुसते टेकून चालत नाही. कडा दुमडून तिच्यात खाच करावी लागते आणि झाकणाची कड त्या खाचेत उतरवावी लागते. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यास दोन वळणे दिली की तो आत शिरू शकत नाही. आतून सर्वत्र काळा रंग, तोही न चकाकणारा, कारण आतल्या आत परावर्तन झाले तरी चित्र फिके पडते. फीत जेथून सरकते त्या धातूच्या चौकटीस इतके गुळगुळीत घासावे लागते की बोटास ती रेशमासारखी लागावी. तेथे कानशीचा एक ओरखडा राहिला तर तो सबंध चित्रपटभर उभ्या रेघेच्या रूपाने पडद्यावर दिसत राहतो.

आणि दात्यांचे गणित तर त्याहून कठीण. फितीवरील दोन भोकांमधील अंतर इंचाच्या तीन षोडशांशाइतके. ओढणारा दाता दरवेळी नेमका तेवढाच, चार भोकांइतकाच, खाली आला पाहिजे. केसभर कमीअधिक झाले तर पडद्यावर, जेथे चित्र शेकडो पटींनी मोठे होते, तेथे वाडा आणि वृक्ष भूकंप झाल्यासारखे थरथरतात. कारखान्यात ही अचूकता यंत्रावर यंत्र ठेवून मिळवितात. येथे ती डोळ्याने, कानशीने आणि पुन्हा पुन्हा करून पाहण्याने मिळवावयाची होती. एक दात कापावयाचा, बसवून पाहावयाचा, काढावयाचा, घासावयाचा, पुन्हा बसवावयाचा. आपल्या मंडळींपैकी ज्यांनी बंदुकीचा चाप किंवा कुलुपाची कळ दुरुस्त केली आहे त्यांस या धीराची ओळख आहे.

यंत्र सिद्ध होताच द्रव्याचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी तानीबाई कागलकर या गायिकेने बाबूरावांच्या कर्तृत्वावर विश्वास ठेवून पैसा पुढे केला, आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. त्या काळी प्रतिष्ठित म्हणविणाऱ्यांनी सिनेमाच्या धंद्यात पैसा घालण्याचे धाडस सहसा केले नसते. एका गाणाऱ्या बाईने ते केले, याची नोंद आपण आदरपूर्वक केली पाहिजे.

कंपनीचा सैरंध्री हा चित्रपट इ. स. १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. महाभारतातील कीचकवधाची कथा. नाटकातील रंगविलेल्या पडद्यांवर हात बसलेल्या या पुरुषाने चित्रपटासाठी मात्र पडदे बाजूस सारले आणि लांबी, रुंदी व खोली असलेले खरे देखावे उभारले. सुताराच्या मुलासच हे सुचावे. कॅमेऱ्याची नजर पडद्याचा खोटेपणा पकडते, हे त्यांनी ताबडतोब ओळखले. भीमाने कीचकास ठार मारल्याचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला होता की तो पुढे कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी तो चित्रपट पाहून बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकमान्य निवर्तले. त्यांच्या अखेरच्या दिवसांतील हे कौतुक एका कारागिराच्या वाट्यास आले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

पुढील नऊ-दहा वर्षे ही कंपनी म्हणजे कोल्हापुरातील एक गुरुकुलच होते. दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे तेथलेच. शांताराम वणकुद्रे नावाचा एक होतकरू तरुण तेथे पडेल ते काम करीत वर आला, तो पुढे व्ही. शांताराम म्हणून प्रसिद्धीस चढला. येथे कोणी नुसता नट किंवा नुसता रंगारी नसे. देखावा उभारणे, रंग देणे, फीत धुणे, भूमिका करणे, सर्व काही सर्वांनी करावे, अशी रीत होती. आपल्याकडे मुलगा भाता ओढण्यापासून सुरुवात करतो, तशीच ही रीत, आणि ती बाबूरावांनी घरूनच आणली होती.

इ. स. १९२३ चा सिंहगड हा हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला. तानाजीच्या चढाईचे प्रसंग रात्रीचे. त्यापूर्वी चित्रीकरण बहुतांशी सूर्यप्रकाशात होई. बाबूरावांनी या चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्र उभी केली. शेलारमामांची भूमिका शांतारामांनी केली. इ. स. १९२४ मध्ये आलेल्या कल्याण खजिना या चित्रपटास लंडनजवळच्या वेम्ब्ली येथील प्रदर्शनात पदक मिळाले, आणि त्याची बाबूरावांनी स्वतः रंगविलेली जाहिरात आजही जाणकार जपून ठेवतात. चित्रपटाच्या भित्तिपत्रकास कलेचा दर्जा आणण्याचे श्रेय त्यांचेच आहे.

परंतु आमच्या मते त्यांचे सर्वश्रेष्ठ काम म्हणजे इ. स. १९२५ चा सावकारी पाश. देव, राक्षस आणि राजे यांच्या भाऊगर्दीत या माणसाने कर्जापायी जमीन गमावणाऱ्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. कथा नारायण हरी आपटे यांची, शेतकऱ्याचे काम शांतारामांचे. जमीन गेलेला कुणबी गिरणीच्या धुराकडे चालू लागतो, हे दृश्य कोकणच्या माणसास वेगळे समजावून सांगावयास नको. आपल्या किती घरांतून, भाता थंड करून, कोणी ना कोणी बोटीने मुंबई गाठली, त्याचा हिशेब आपल्या सभासद-यादीतच आहे. मुंबईच्या पत्त्यांची पाने मसुऱ्याच्या पानांहून केव्हाच अधिक झाली. बाबूरावांच्या लोकप्रिय पौराणिक पटांइतका हा पट चालला नाही. त्याचे महत्त्व पुढच्या काळाने ओळखले.

येथून उतरणीस आरंभ होतो आणि तो भाग आम्ही थोडक्यात सांगतो. बाबूराव हे मनस्वी होते. एका कामात मन रमले की दुसऱ्याकडे बघत नसत, आणि व्यवहाराचे गणित त्यांच्या स्वभावात नव्हते. इ. स. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूस सोडून शिष्य गेले, याचे काहींस आजही वाईट वाटते. आम्हांस ते तितकेसे पटत नाही. हाताखालची पोरे तयार झाली की ती आपला भाता वेगळा मांडतातच. ज्या मेस्त्रीची पोरे कधी वेगळी होत नाहीत त्याने त्यांस काही शिकविले नाही, असेच समजावे. तथापि महाराष्ट्र फिल्म कंपनीस हा घाव सोसला नाही. थोड्याच काळात बोलपट आले आणि ती बंद पडली. इकडे प्रभातने इ. स. १९३६ मध्ये संत तुकाराम काढला, दिग्दर्शक दामले व फत्तेलाल. तो पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. कॅमेऱ्याचे दाते घासणारे दामले ते हेच.

बोलपटांच्या काळातही बाबूरावांनी काही चित्रपट केले. इ. स. १९३५ चा उषा, इ. स. १९३६ मध्ये सावकारी पाश पुन्हा एकदा बोलपटाच्या रूपाने, इ. स. १९३७ चा प्रतिभा. इ. स. १९४७ च्या लोकशाहीर राम जोशी या चित्रपटात आपल्या जुन्या शिष्याबरोबर, शांतारामांबरोबर, दिग्दर्शनात त्यांचा सहभाग होता. इ. स. १९५२ चा विश्वामित्र हा अखेरचा. परंतु जीव रमला तो रंगात आणि मूर्तीत. आयुष्याच्या आरंभी ज्या कामाने हात घडला त्याच कामाकडे ते परतले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज पाहावयास मिळत नाहीत. जुन्या फिती ज्या द्रव्याच्या असत ते अतिशय ज्वालाग्राही, आणि न जळाले तरी काळाने आपोआप कुजणारे. पत्र्याची पेटी शंभर वर्षे टिकते आणि तिच्या आत टिपलेले चित्र टिकत नाही, हा विलक्षण योग होय. सावकारी पाश हा मूकपट आज आपणांस वर्णनांवरूनच ठाऊक आहे.

कोल्हापुरात खरी कॉर्नरपाशी कॅमेऱ्याची प्रतिकृती असलेला एक मानस्तंभ उभा आहे. आपल्या मुलखातून फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याकडून कोल्हापूर फार दूर नाही. अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्या सभासद कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करून तेथे मुलांस न्यावे आणि पेंटर या शब्दाआड असलेला मेस्त्री हा शब्द त्यांस सांगावा, अशी विनंती आहे.

गेल्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेस मुंबईहून आमची मंडळी आली असता, नातवास आम्ही ही हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी तो पडवीतून तीर्थरूपांच्या त्या दोन कोनपट्ट्या शोधून घेऊन आला. बोल्ट गंजले होते, त्यांवर खोबरेल सोडून ते मोकळे केले. मोगरी वाळवीने खाल्ली होती, म्हणून भेंडाच्या लाकडाचा एक दांडका घेतला. घासलेटच्या जुन्या डब्याचा पत्रा कातरून त्याने दिवसभर खपून वीतभर लांबीची एक पेटी केली. सूचिछिद्रातून चित्र पाडावयाचे त्याच्या मनात होते. कोपरे ठीक वळले होते. झाकण मात्र बसेना. आम्ही काही बोललो नाही. बराच वेळ तो झाकण फिरवून फिरवून पाहात राहिला, मग आत जाऊन पट्टी आणि पेन्सिल घेऊन आला आणि पत्र्याची जाडी मोजू लागला.